दोन्ही टोकं

फोनवर अथुमानी म्हणाले, सर्व्हर मेला.
मेल्याची वेळही सांगितली: सव्वासात.
किलिंदिनीच्या धक्क्याला जहाज लागलेलं,
कागद जागचे हलत नव्हते,
आणि अडकलेला कंटेनर भाडं खात राहतो
पाहुण्यासारखा, बसल्या बसल्या.

मी पोचेपर्यंत
काहिंदीने त्याला तीनदा बंद करून चालू केलं होतं.
चौथ्यांदा बोट बटणावर.
म्हटलं, थांब रे,
चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस.

सर्व्हर म्हणजे कपाटातलं एक करडं खोकं,
शेजारी मोडकी छत्री, चहाच्या नमुन्यांचे डबे.
पाठीला हात लावून पाहिला. कोमट.
पंखा फिरतोय. खाऱ्या हवेने
मागचे स्क्रू तांबूस झालेत, एवढंच.
त्याला त्याचाच पत्ता विचारला: लगेच उत्तर.
शेजाऱ्याचा विचारला: गप्प.
पुन्हा विचारला: एक उत्तर. गप्प. मग दोन एकदम,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखी, धापा टाकत.

म्हणजे जीव आहे. वाट नाही.

मग भिंतीवरच्या स्विचकडे पाहिलं.
धडधाकट स्विचचे दिवे कसे,
मासळीबाजारातल्या बोलण्यासारखे,
इथे एक, तिथे तीन, मध्येच कुणी नुसतंच खाकरतं.
हे सगळेच्या सगळे
एका ठेक्यात पेटत होते, एका ठेक्यात विझत होते.
एवढं एकमत
कुठल्याच ऑफिसात नसतं.

एकेक केबल उपटत गेले.
काहिंदी मागे उभा राहून मोजत होता:
मोजा, म्बिली, ताटू...
नववी निळी होती.
ती निघाली, आणि दिवे अडखळले,
सुटे झाले, आपापलं बोलू लागले.
आतल्या खोलीतून कुणी ओरडलं, आलं!
प्रिंटरने सकाळपासूनचं सगळं एका दमात ओकलं.

निळीचं दुसरं टोक शोधत
टेबलांखालून रांगत गेले
आणि निघाले होते तिथेच पोचले:
त्याच स्विचच्या पाचव्या भोकात.

म्हणजे कुणी साधं विचारलं,
सतरा नंबरला कोण राहतं?
तर तो प्रश्न एका दारातून बाहेर,
दुसऱ्या दारातून आत,
पुन्हा बाहेर. थकत नाही, म्हातारा होत नाही,
मागून येणारे प्रश्न रांगेला लागतात
आणि उत्तराला शिरायला फट उरत नाही.

दामा दारात उभी होती,
हातात फरशीचं ओलं फडकं.
"ते लोंबत होतं," ती म्हणाली.
"सकाळी पुसताना पाण्यात पडलं.
मी कोरडं केलं. एक भोक रिकामं होतं.
नीट बसलं की, कट् असा आवाजसुद्धा आला."

तो आवाज मला ठाऊक आहे.
त्या आवाजावर मीही
कितीदा बॅग उचलून घरी गेलेय.

अथुमानी नव्या सर्व्हरचा भाव विचारत आले.
नको, म्हटलं.
कागदावर लिहिलं: कारण, केबल. उपाय, काढली.
पुढे "कोणामुळे" असा एक रकाना असतो.
तिथे आडवी रेघ मारली.

रिकाम्या भोकांवर चिकटपट्टी लावली,
दामा दाताने तुकडे तोडून देत होती.
शेवटचा तुकडा बोटावर धरून म्हणाली,
"पण ते टोक मुळात जाणार कुठे होतं?"

काहिंदीने खिडकीकडे हनुवटी केली.
तिथे टेबल होतं म्हणे, हिशेब बघणाऱ्या म्वाकिओचं.
माणूस गेला वोईला परत, टेबल विकलं,
दोन वर्षं झाली.
फरशीवर चार पायांचे चार डाग.

रोज घासते, दामा म्हणाली,
जात नाहीत.